उलटं करून बघतो

१

विमान उलटं पडलं होतं, आणि त्याचं नाक वर होतं.

शनिवारी दुपारी दीड वाजता हे वाक्य मी वहीत लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. पडलेली विमानं वाचणं हे माझं काम. सरकारी खात्यात चोवीस वर्षं तेच करतेय. माणूस घाबरला की गप्प बसतो, आठवणीत घोळ घालतो, वेळ आली तर खोटंही बोलतो. चेपलेला पत्रा यातलं काही करत नाही. आणि हा पत्रा मला काहीतरी विचित्रच सांगत होता.

जमिनीजवळ कसरती करताना अंदाज चुकला, तर विमान नाकावर येतं. नाक मातीत, शेपटी वर. मी अशी अकरा विमानं पाहिली होती. हे दोन आसनांचं छोटं पिवळं विमान मात्र पाठीवर पडलं होतं. शेपटी आधी टेकली होती, आणि गवतात सत्तर फुटांचा लांबच लांब चर पडला होता. म्हणजे जमिनीला लागलं त्या क्षणी ते खाली कोसळत नव्हतं, तर उलट्या अंगानं वर निघायच्या बेतात होतं.

चालवणारे जागीच गेले. वय एकोणसाठ. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, कारण त्या मैदानावर उडणाऱ्या निम्म्या लोकांना त्यांनीच शिकवलं होतं. पुढच्या रविवारी फ्लाइंग क्लबचा वार्षिक कार्यक्रम होता, आणि त्या सकाळी त्याचा सराव चालला होता. फाटकावर मोठं पोस्टर लागलेलं होतं: कलंडलेलं पिवळं विमान, आणि खाली ठळक अक्षरांत, ‘यंदा प्रथमच! मास्तरांच्या मागे बसून कसरती पाहा, मोठ्या पडद्यावर.’

त्याच पोस्टरखाली क्लबचे सेक्रेटरी माझी वाट बघत उभे होते. पंचेचाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, हातात टाईप केलेला कागद. अपघाताला पाच तासही झाले नव्हते आणि जबाब तयार होता.

“रेडिओवर मी स्वतः बसलो होतो, मॅडम,” ते म्हणाले. “मास्तर सरळ वर गेले, थबकले, कुशीवर वळून खाली आले. ठरल्याप्रमाणे आठशे फुटांवर विमान सरळ करायला घेतलं. आणि मधेच म्हणाले, ‘उलटं करून दाखवतो.’ अशी कसरत कार्यक्रमात नव्हतीच. पण चाळीस-पन्नास माणसं बघत होती. वय झालं की माणसाला कधीकधी...” पुढचं त्यांनी हातानंच सांगितलं.

“रेडिओवरचं बोलणं रेकॉर्ड होतं का?”

“छोटा क्लब आहे, मॅडम. तशी सोय नाही.”

मी कागद घेतला आणि शेपटीकडे गेले.

शेपटीला एक आडवी हलती फळी असते. चालकानं हातातला दांडा मागे ओढला की ती फळी वर होते आणि विमानाचं नाक वर येतं. दांडा पुढे ढकलला की नाक खाली जातं. दांडा आणि फळी यांच्या मधे, शेपटीच्या पोकळीत, एक लोखंडी तरफ असते. मी टॉर्च घेऊन त्या पोकळीत डोकं घातलं. तरफेच्या कडेला बोटभर लांबीचा ताजा ओरखडा होता. लोखंड चकाकत होतं, आणि त्यात काळं रबर घासलं गेलेलं.

तिथे काही अडकलं, तर दांडा पुढे जाईल. मागे येणार नाही.

२

हँगरमध्ये विमानांची निगा राखणारे मिस्त्री एका पेटीवर बसले होते. साठीच्या पुढचे, बारीक अंगाचे. हात तेलानं काळवंडलेले, पण कपडे स्वच्छ. मास्तर आणि ते एकतीस वर्षं बरोबर होते. त्यांच्या मागच्या भिंतीवर हत्यारांचा फळा होता. प्रत्येक हत्याराच्या जागी त्याची पांढरी आकृती रंगवलेली, म्हणजे काय जागेवर नाही ते लांबूनही कळावं.

पान्यांच्या रांगेत एक आकृती रिकामी होती.

“दहा नंबरचा,” मी काही विचारायच्या आत ते म्हणाले. “लिहून घ्या मॅडम. मास्तरांना मी मारलं.”

३

मी पेटी ओढून त्यांच्यासमोर बसले. “आधी मला शुक्रवार सांगा.”

“दुपारी बाळीनं विमान उडवलं. मास्तरांची मुलगी. चारला ती उतरली. मग मी शेपटी उघडली, तरफेचे नट तपासले. त्यालाच दहा नंबरचा पाना लागतो. आत दिवा घालून सगळं बघितलं. साडेपाचला पडदा लावला.”

हा पडदा म्हणजे मागच्या आसनाच्या पाठीमागचं जाड कॅनव्हास. त्याला चेन असते. पुढच्या बाजूची एखादी वस्तू घरंगळत शेपटीत जाऊ नये, म्हणून तो लावतात.

“चेन ओढली की मी तिच्या टोकाला लाल दोरा बांधतो,” मिस्त्री म्हणाले. “माझी खूण आहे ती. दोरा जागेवर म्हणजे शेपटी मी पाहिलेली आहे. मास्तर बसायच्या आधी फक्त दोरा बघायचे. मी काय काय तपासलं, हे एकतीस वर्षांत त्यांनी एकदा विचारलं नाही.”

“आणि पाने?”

“मोजले. सगळे होते.”

“मग तुम्ही मारलं कसं?”

त्यांनी फळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “मॅडम, रोज संध्याकाळी मोजतो. रोजचं काम हात करतात, डोकं भलतीकडे असतं. शुक्रवारी घरी पाहुणे यायचे होते, मला घाई होती. अपघातानंतर इथे आलो तर जागा रिकामी. मोजले असं वाटलं असेल. पाना आतच राहिला असणार.” ते थांबले. “मास्तरांच्या घरी वहिनींना काय तोंड दाखवू? सकाळपासून त्यांच्याकडे गेलो नाही.”

मी त्यांना आणखी एक पाना मागितला. नखानं घासून पाहिला. सपाट, गुळगुळीत पोलाद. त्याच्यावर रबराचा मागमूस नव्हता.

“तुमच्या सगळ्या पान्यांना असं उघडंच लोखंड आहे?”

“हो. रबर तेलानं फुगतं. मी ठेवतच नाही.”

“मग तुमचा पाना तिथे नव्हता,” मी म्हटलं. “कुठे आहे ते अजून माहीत नाही. पण तिथे नव्हता.”

त्यांचा विश्वास बसला नाही. इतक्या वेळात माणसानं स्वतःला शिक्षा देऊनही टाकलेली असते. मग ती परत घ्यायला तो तयार नसतो.

मी उठले तर हँगरच्या दारात एक मुलगी उभी होती. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, उड्डाणाचा निळा सूट अजून अंगातच. सकाळपासून बदललाच नव्हता बहुतेक.

“काका, तुम्ही गप्प बसा,” ती मिस्त्रींना म्हणाली. आणि मग मला, “रबराची वस्तू माझी होती.”

४

बाळीची छोटी टॉर्च हरवली होती. मुठीत मावेल एवढी, वरून काळं रबर. शुक्रवारच्या उड्डाणात ती तिच्या खिशात होती आणि शनिवारी नव्हती. सगळं नेमकं जुळत होतं. ते जुळतं हे तिलाही कळत होतं, आणि म्हणूनच ती इतकी शांत होती.

“बाबा प्रत्येकाला एकच गोष्ट घोकायला लावायचे,” ती म्हणाली. “उडायच्या आधी खिसे रिकामे. नाणं नको, पेन नको, किल्ली नको. विमान उलटं झालं की सुटी वस्तू वाट्टेल तिथे जाते. मला हे आठव्या वर्षापासून पाठ आहे. आणि मीच टॉर्च नेली.”

“तुम्ही किती वाजता उतरलात?”

“चारला.”

“आणि मिस्त्रींनी शेपटीत दिवा घालून कधी पाहिलं?”

तिनं मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी तिच्याकडे. दोघं सकाळपासून एका छपराखाली होते आणि एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. दोघंही आपापल्या मनात एकेकटे फासावर चढले होते.

“चारनंतर,” मिस्त्री हळूच म्हणाले. “बाळी, टॉर्च असती तर मला दिसली असती गं. तुझ्या लाल सायकलची घंटासुद्धा मी त्या शेपटीतून काढली होती. आठवतं?”

तिनं मान हलवली. पहिल्यांदाच तिचे डोळे भरले.

“म्हणजे जे आत गेलं,” मी म्हटलं, “ते दोरा बांधल्यानंतर गेलं. शुक्रवारी साडेपाच ते शनिवारी सकाळी साडेआठ. शनिवारी दोरा होता का?”

हे कोणालाच सांगता येईना. पाहायचं काम मास्तरांचं होतं.

“मी फोटो काढला होता,” बाळी म्हणाली. “बाबा बसताना. उघडून बघायचं धाडस होत नाही.”

तिनं फोन माझ्या हातात दिला आणि पाठ फिरवली. फोटोत मास्तर पुढच्या आसनात पट्टे आवळत होते. वर पाहून हसत होते. कानांजवळचे केस पांढरे, चष्म्याला मागून दोरी. मागचं आसन रिकामं. मी फोटो मोठा केला.

चेनचं टोक दिसत होतं. त्यावर लाल दोरा होता, नीट बांधलेला. मग मिस्त्रींनी माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं.

“ही गाठ माझी नाही,” ते म्हणाले.

५

कुणीतरी शेपटी उघडली होती, आणि मिस्त्रींची खूण परत बांधायला तो विसरला नव्हता. मी मोडक्या विमानाकडे परत गेले. पडद्याच्या मागे, शेपटीच्या तोंडाशी, विमानाच्या सांगाड्याची एक नळी जाते. सगळ्या नळीवर बारीक धूळ होती. फक्त एका जागी, दीड बोट रुंदीची दोन कडी स्वच्छ होती. तिथे काहीतरी आवळून बसवलं होतं, आणि ते आता तिथे नव्हतं. पडद्याची चेन नळीच्या पुढे चार बोटं उघडी राहिली होती. दोरा टोकाला, पण चेनच पुरती ओढलेली नाही.

एवढं कळूनही माझं पहिलं वाक्य तसंच उभं होतं. विमान उलटं, नाक वर. दांडा मागे येईना, हे मान्य. मग घाबरलेला माणूस तो ओढत राहतो, शेवटपर्यंत. उलटं कशाला करेल?

मास्तरांच्या बायकोला कुणीच काही विचारलं नव्हतं. दुःखातल्या बाईला त्रास नको, असं सगळ्यांना वाटलं होतं. त्या क्लबच्या मागच्या खोलीत बसल्या होत्या. सुती साडी, मांडीवर एक वही, वहीवर स्टॉपवॉच आणि हातात मावेल असा रेडिओ.

“तुम्ही ऐकत होतात?” मी विचारलं.

“बावीस वर्षं ऐकतेय. प्रत्येक सरावाला मी घड्याळ धरते. हे वर प्रत्येक गोष्ट बोलून करतात. शिकवून शिकवून सवय लागलीय. ‘आता वर नेतो, आता डावीकडे, आता सोडतो.’ घरी पंखा लावतानाही बोलतात.” क्रियापद वर्तमानकाळातलं होतं, ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तसंच राहू दिलं.

“आज शेवटी काय म्हणाले?”

“‘येत नाहीये’ म्हणाले. मग, ‘उलटं करून बघतो.’”

मी सेक्रेटरींचा कागद उघडला. “दाखवतो, की बघतो?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी लहान मुलीसारखी वरमले. “दाखवतो? बाई, हा माणूस आयुष्यात कधी कुणाला काही दाखवतो म्हणाला नाही. पाहुण्यांना घर दाखवायलाही मलाच पुढे करायचे. बघतो म्हणाले. कुलूप लागत नसलं की किल्ली उलटी करून बघतो म्हणतात ना, त्याच आवाजात.”

मी माझ्या वहीतल्या दोन रेघांकडे पाहिलं, आणि मला सगळं एकदम दिसलं.

दांडा मागे येत नव्हता, पण पुढे जात होता. पुढे ढकलला की नाक खाली, जमिनीकडे. पण विमानच पाठीवर केलं, तर? तर जे खाली ते वर होतं. उलट्या विमानात दांडा पुढे ढकलला, की नाक आकाशाकडे जातं. शिवाय अडकलेली वस्तू सुटून पडायची शक्यता, तो वेगळा फायदा. कोसळत्या विमानात, जमीन अंगावर येत असताना, डोळ्यासमोरच्या जमिनीकडेच आपण होऊन पाठ करायची, आणि सगळं अंग ‘मागे ओढ’ म्हणून ओरडत असताना हात पुढे ढकलायचा. हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. माझ्या खात्याच्या एकाही पुस्तकात ते नव्हतं.

“‘येत नाहीये’पासून ‘बघतो’पर्यंत किती वेळ गेला?” मी विचारलं.

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. शेवटच्या ओळीचं अक्षर वाकडं झालं होतं, पण आकडा स्पष्ट होता.

“दीड सेकंद,” त्या म्हणाल्या.

६

सेक्रेटरींच्या खोलीत टेबलावर काच, काचेखाली जुने फोटो. एका फोटोत तेच होते, वीस वर्षांनी तरुण, ओल्या शर्टात, एकट्यानं पहिल्यांदा उडून आल्यावर. त्यांच्या खांद्यावर मास्तरांचा हात होता.

मी दार लावून घेतलं.

“पोस्टरवर लिहिलंय, मास्तरांच्या मागे बसून पाहा, मोठ्या पडद्यावर,” मी म्हटलं. “चित्रण कसं करणार होता?”

“ते... पुढे रद्द झालं.”

“कुणी केलं?”

“मास्तर नको म्हणाले. खाली उडताना विमानात सुटी वस्तू नको.”

“पोस्टर तर अजून फाटकावर आहे.” मी खुर्चीत बसले. “मी सांगते, चुकलं तर थांबवा. आज सकाळी मिस्त्री यायच्या आधी तुम्ही हँगर उघडला. किल्ली मिस्त्रींकडे असते आणि तुमच्याकडे. नळीवर एक क्लॅम्प बसवला, रबराचे पाय असलेला, आणि त्यावर पडद्याच्या फटीतून बघणारा कॅमेरा. त्याचा नट आवळायला दहा नंबरचा पाना लागला, तो फळ्यावरून घेतला. लाल दोरा सोडला आणि परत बांधला, पण चेन क्लॅम्पला अडली म्हणून चार बोटं उघडीच राहिली. मिस्त्री असा नट तारेनं बांधतात, म्हणजे थरथरीनं सुटत नाही. तुम्हाला ते माहीत नव्हतं. मास्तरांनी सवयीनं दोरा पाहिला. दोरा होता. वर नट सुटला आणि क्लॅम्प घसरत जाऊन तरफेत अडकला. अपघातानंतर तिथे सगळ्यात आधी तुम्ही पोचलात, असं तुमच्याच कागदात आहे. त्यामुळे क्लॅम्प मला सापडला नाही. पाना मात्र परत लावायला जमलं नाही, कारण सकाळी मिस्त्री आले, आणि अपघातानंतर ते त्या फळ्यासमोरून हललेलेच नाहीत.”

ते थांबवतील अशी मी वाट पाहिली. त्यांनी टेबलाचा खण उघडला. पाना काढला, काचेवर ठेवला. मग रुमालात गुंडाळलेला कॅमेरा, अर्धा तुटलेला क्लॅम्प त्याला तसाच लटकलेला. एका पायाचं रबर सोललं होतं.

“सगळ्यांनी त्यांना बघावं एवढंच मनात होतं,” ते म्हणाले. “आपण खालून बघतो, मॅडम. आत त्यांचे हात कसे चालतात ते मी पाहिलंय. लोणी कापावं तसे. वाटलं, एकदा लोकांना दिसू दे. नंतर ते रागावतील आणि विसरतील.”

“आणि ‘दाखवतो’?”

त्यांनी काचेखालच्या फोटोवर बोट ठेवलं.

“‘येत नाहीये’ मी ऐकलं होतं. त्याच क्षणी कळलं मला, काय अडकलंय ते. मग जबाब टाईप करताना ती ओळ गाळली. आणि एक शब्द बदलला. एकच शब्द.”

“त्या एका शब्दानं तुम्ही त्यांना मिरवणारा म्हातारा केलंत,” मी म्हटलं. मला आवाज चढवावा लागला नाही. “आणि दाराबाहेर दोन माणसं सकाळपासून खून आपल्या अंगावर घेऊन बसलीयत.”

ते उठले. मला वाटलं पाणी प्यायला. त्यांनी पाना उचलला, दार उघडलं आणि हँगरकडे चालायला लागले. मी मागे गेले. मिस्त्रींसमोर उभं राहून त्यांनी तो पुढे केला आणि म्हणाले, “मी घेतला होता.”

मिस्त्रींनी पाना घेतला. पुसला. फळ्यावर लावला. मग रिकामे हात कुठे ठेवावे हे न कळून ते तसेच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बाळी जाऊन त्यांच्या पाठीला टेकली.

७

कॅमेऱ्यात शेपटीतला अंधारच होता, पण आवाज होता. वहिनींनी ऐकला तसाच, शब्द न शब्द.

तरी मला अडचण होती. वरच्या साहेबांना मी काय सांगणार? दीड सेकंदात एका माणसानं विमान उलटं चालवून जीव वाचवायचा नवीन रस्ता शोधला? हिशेबानं तो रस्ता बरोबर येत होता. चराच्या कोनावरून काढलं, तर त्यांना आठशे चाळीस फूट हवे होते. होते आठशे. चाळीस फूट कमी पडले, चारमजली इमारतीएवढे. पण कागदावरचा हिशेब साहेब लोक कागदानंच खोडतात.

“करून बघू या,” बाळी म्हणाली. “वर. चार हजार फुटांवरून.”

मी नाही म्हणणार होते. मी तिच्या आईकडे पाहिलं, त्या थांबवतील म्हणून. त्या म्हणाल्या, “जमिनीवरून मला सेकंद दिसणार नाहीत. बाईंकडे घड्याळ द्या.”

तीन आठवड्यांनी, खात्याची परवानगी काढून, शेजारच्या क्लबचं तसंच विमान आणलं. मिस्त्रींनी मागच्या आसनातल्या दांड्यामागे लाकडी ठोकळा बसवला, म्हणजे दांडा अर्ध्यातच अडेल. ठोकळ्याला दोरी. ती ओढली की ठोकळा सुटणार. दोरी धरायला मी. मी चोवीस वर्षं पडलेल्या विमानांत डोकं घालत आले, पण उलट्या विमानात कधी बसले नव्हते.

बाळीनं विमान त्याच कोनात, त्याच वेगानं खाली घातलं. दांडा ओढला. अडला. मग सगळं जग फिरलं, पट्ट्यांना लोंबकळत मी घड्याळ आणि उंची वाचत राहिले. डोक्यावर शेतं होती, आणि ती हळूहळू नाकाखाली सरकली. विमान उलट्या अंगानं, अगदी शहाण्यासारखं, वर निघालं. उलट्या विमानात पेट्रोल न पोचून इंजिन खोकायच्या आत तिनं ते सरळ केलं.

“किती?” तिनं विचारलं.

“एक हजार शंभर.”

पाच वेळा केलं. पाचव्यांदा नऊशे दहा. त्याच्या खाली काही गेलं नाही.

उतरल्यावर ती बराच वेळ कॉकपिटमध्ये बसून राहिली. मिस्त्री खाली शिडी धरून उभे होते.

“काका,” ती म्हणाली, “काय होणार आहे, ते मला आधीपासून माहीत होतं. रात्रंदिवस तेच डोक्यात होतं. आणि खाली जमीन नव्हती, तीन हजार फूट मोकळे होते. तरी मला नऊशे दहा लागले.”

मिस्त्रींनी तिला हात देऊन खाली उतरवलं.

माझ्या अहवालात विशेषणं नसतात. साहेबांची तशी सक्त ताकीद आहे. त्या अहवालात मी एक घातलं: ‘चालकाचा निर्णय अचूक होता.’ वरून कुणी ते खोडलं नाही. सेक्रेटरींनी नवा जबाब स्वतःच्या हातानं लिहून दिला आणि पद सोडलं. पुढे जे व्हायचं ते कोर्टात झालं. मिस्त्री कामावर परतले. आणि बाळी शिकवायला लागली. तिच्याकडे कसरती शिकणाऱ्या प्रत्येकाला चार हजार फुटांवर, ठोकळा लावून, एकदा तरी हे करावंच लागतं. दोन वर्षांत इतर क्लबांनी ते उचललं.

गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर एक पत्र आलं. कुठल्या तरी दूरच्या मैदानावर, तेवीस वर्षांच्या एका मुलीच्या विमानाचा दांडा पंधराशे फुटांवर अडकला होता. आत एक सुटा स्क्रू निघाला. तिनं विमान उलटं केलं, वर नेलं, स्क्रू सुटून पडला, आणि ती उतरली. उतरल्यावर तिला दोन ओकाऱ्या झाल्या, बाकी ठणठणीत.

मी वहिनींना फोन लावला आणि पत्र वाचून दाखवलं.

“किती फूट लागले तिला?” त्यांनी विचारलं.

“आठशे सत्तर.”

पलीकडे वहीची पानं उलटलेली ऐकू आली. मग त्यांचा आवाज आला, आणि इतक्या दिवसांत प्रथमच त्यात हसू होतं.

“ह्यांच्यापेक्षा तीस जास्त. पण ती पोरगी घरी जाऊन जेवली ना? मग झालं.”